लॅमिनेट केलेला वेल्सचा रस्ता

आज दुपारी काकांनी न विचारता मशीनमध्ये घातलेला माझा नकाशा लॅमिनेट होऊन बाहेर आला, आणि तिथेच सगळं बिनसलं.

मित्रांनो, लंडनहून वेल्सला जाणाऱ्या घोडागाड्यांच्या रस्त्याचा तो जुना, हाताने रंगवलेला कागद. गरम प्लॅस्टिक चिकटलं की असा कागद मेलाच. माझ्या संग्रहातला हा एकच रेवासाठी होता. ती माझी मैत्रीण, वेल्सला शिकते, परवा मला भेटायला इथे शिकागोला येतेय.

"लॅमिनेट करण्याजोगी तुझी मार्कशीट नाही तर नाही, हे तरी लॅमिनेट झालं!" काका हसले.

मी मशीन भिंतीवर आपटलं, त्यांची कॉलर धरली. काकू मध्ये पडली आणि माझा हात तिलाच लागला. ओठ फुटला तिचा.

"रेवालाही असंच मारशील का रे?" ओठ पुसत काकू म्हणाली.

नकाशा टेबलावरच सोडला, बाहेर पडलो आणि दार लावून घेतलं.