राणी जिती धरावी

येरमाळ्याच्या फाट्यावर तो पंक्चर काढतो. माझी स्कूटर महिन्यातनं एकदा तरी त्याच्याकडं जाते, पण नाव विचारायचं राहूनच गेलंय. ट्यूब पाण्यात बुडवली, की बुडबुडे बघत तो विचारतो, "सर, तिसऱ्या भागात राणी जिती धरतील का?"

राणी त्याच्या मोबाइलमधल्या गेमची. दुसऱ्या भागाच्या शेवटी तिला मारायचं की सोडायचं, हे खेळणाऱ्यानंच ठरवायचं असतं. यातलं कुठलं खरं धरून तिसरा भाग काढायचा, ते कंपनी ठरवणार; तो अजून आलेला नाही. तरी 'ती मेलीच' म्हणणाऱ्यांशी तो रोज ग्रुपवर भांडतो. तसं म्हणणाऱ्या एका टेम्पोवाल्याला तर त्यानं अर्धं खोललेलं चाक परत दिलं. "राणीला मारणाऱ्याची हवा आमी भरत न्हाय."

चैत्रात येडाईच्या यात्रेत चुन्याचे पाच खडे वेचून देवीच्या नावानं ढिगावर टाकतात; ते वेचताना तो माझ्या शेजारीच वाकला होता. पाचही खडे त्यानं कपाळाला लावून ढिगावर टाकले.

"काय मागितलं?" मी विचारलं.

"कंपनीनं राणी जिती धरावी."

"तुम्ही तर तिला सोडलं होतं ना? मग काळजी कसली?"

तो हातावरची पांढरी धूळ चोळत राहिला. "कुठलं सोडलं, सर. गिऱ्हाइकानं हॉर्न वाजवला, बोट चुकलं. माझ्याच हातनं गेली ती."

आमच्यात घरातल्या एकेकाच्या नावानं एकेक खडा टाकतात. माझ्या हातात शेवटचा, बायकोच्या नावाचा होता. तो मी राणीच्या नावानं टाकला.

घरी अजून सांगितलेलं नाही.