ओळखकाकांची शिकवणी

१२ नोव्हेंबर. दिवाळीआधीची आवराआवर राहून गेली होती, म्हणून आज व्हिजिटिंग कार्डांचा खण उपसला. निम्म्या माणसांचे चेहरेही आठवत नाहीत. ज्यांनी मला माणसं जोडायला शिकवलं त्या ओळखकाकांचं कार्ड त्यात नाही. त्यांनी ते कधी छापलंच नाही. "ज्याला कोणी लक्षात ठेवत नाही, त्याला कागद लागतो," म्हणायचे.

काका काशीत शिंदे घाटाजवळ आमच्याच गल्लीत राहायचे. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे उपाध्याय. अनोळखी माणसाला तीन वाक्यांत नात्यात ओढायचे, म्हणून सगळी गल्ली त्यांना ओळखकाका म्हणे. स्टेशनवर गाडी लागली की गर्दीतून मराठी कुटुंब अचूक हेरत आणि सरळ समोर जाऊन उभे राहत. "गाव कोणतं?" पूजेचं नाव नाही. मग तिथला पाऊस, तिथला देव, आणि शेवटी पिढ्यान्‌पिढ्यांचे यात्रेकरू नोंदलेल्या काखेतल्या वहीतून त्या माणसाच्या आजोबांची सही. माणूस जागीच पाघळायचा.

लोक या धंद्याला पंडागिरी म्हणून नावं ठेवतात. ठेवोत बापडे. लुबाडणारे होते, नाही असं नाही. पण परक्या शहरात उतरलेल्या म्हातारीला "या, वाट मी दाखवतो" म्हणणाऱ्याला मी तरी हलका समजणार नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी एका ग्रंथालयात जुन्या पोथ्यांची डागडुजी करायचे. नोकरी हंगामी, मार्चअखेर संपणारी. ती संपली की पुण्याच्या स्थळाला होकार कळवायचा, हे बाबांनी ठरवून टाकलेलं. मला स्थळ नको होतं, काम हवं होतं. डिसेंबरात कँटोन्मेंटमधल्या एका हॉटेलात देशभरच्या ग्रंथपालांचं दोन दिवसांचं संमेलन भरलं. काम देऊ शकणारी माणसं तिथेच भेटणार होती, आणि मला तर अनोळखी माणसाशी दोन शब्द बोलता येत नसत.

"झेंपतेस काय, सुमे? लाजायचं कशाला?" काका म्हणाले. "माणूस कितीही बडा असो, गावाशिवाय जन्मत नाही. गाव विचार."

मी शब्दशः तेच केलं. जेवणाच्या सुट्टीत हातात ताटली घेऊन एकेकाला गाठलं. "आप कहाँ के हैं?" एक म्हणाले पाटणा. मी म्हटलं, अच्छा. तेही म्हणाले, अच्छा. मग आम्ही दोघं पापडाकडे बघत राहिलो. असे सात-आठ जण झाले असतील, तेवढ्यात आमचे विभागप्रमुख सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "अरे, ये तो यहाँ भी पंडागिरी करने लगीं! बही भी लाई हैं क्या?"

सगळे हसले. मी ताटली ठेवली आणि रिक्षा करून घरी आले.

काका घाटाच्या पायरीवर दर्भाच्या जुड्या बांधत बसले होते. उद्या जाणार नाही, म्हणून मी जाहीर केलं. समजूत घालणं हा त्यांचा स्वभाव नव्हता.

"गाव विचारलंस. पुढे?"

"पुढे काय?"

"वा! म्हणजे शिकवणी अर्धीच घेतलीस. अगं, स्टेशनवर मी पूजेचं बोलण्याआधी काय करतो? बाईला नळ दाखवतो. म्हाताऱ्याला टेकायला जागा करून देतो. माणसाची नड विचार, सुमे. ती भागवता आली की आपण कोण, ते सांगावं लागत नाही."

"आणि पंडागिरी म्हणाले, त्याचं?"

"मग? झूठ काय बोलला? सात पिढ्या जेवल्या त्यावर. शिवी वाटते ती त्याला. तू कशाला वाटून घेतेस?"

काका त्यानंतर चार वर्षांनी गेले. मी परगावी होते, मणिकर्णिकेवर पोचू शकले नाही. त्यावर रडून झालं. त्या संध्याकाळी पायरीवर त्यांनी दिलेलं मात्र मी दुसऱ्याच दिवशी वापरायला काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या चहाआधी मी हॉटेलात हजर. विभागप्रमुख दारातच भेटले. "क्यों, आज बही लाई हैं?"

"लाई हूँ, सर," म्हणत मी साधी शाळेची वही पर्समधून काढून दाखवली आणि टेबलांकडे वळले. आज प्रश्न वेगळा होता. "आपके यहाँ कौन-सी पोथी बिगड़ रही है?" पहिल्याने खांदे उडवले. दुसऱ्याने वाळवीवर दहा मिनिटं घेतली, मी सगळं लिहून घेतलं. तिसऱ्या टेबलावर इंदूरच्या एका खाजगी संग्रहाच्या बाई होत्या. वहीतलं माझं मराठी बघून त्या मराठीतच म्हणाल्या, "आमची ताडपत्रं एकमेकांना चिकटलीत. हात लावायला कोणी धजत नाही."

"मी लावते. हळूहळू दमट हवा द्यायची, मग बांबूच्या पातळ पात्याने एकेक पान सोडवायचं. गेल्या हिवाळ्यात इथली सोडवली."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मार्चनंतर येऊ शकाल?"

विभागप्रमुख शेजारच्याच टेबलावर होते. मी आवाज खाली आणला नाही.

"एक एप्रिलला सकाळी तुमच्या दारात उभी असेन," मी म्हटलं, आणि पत्ता लिहायला वही त्यांच्यापुढे सरकवली.