टॅक्स वाचवायला माणूस पाहिजे

माझं शुद्धलेखन कच्चं आहे. शाळा नववीतच सुटली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. शब्दही साधेच आहेत. पण टॅक्सवाल्या वकीलसाहेबांच्या बाकावर दर जुलैत इतके किस्से कानावर पडतात, की साठत जातात. दुकानात सांगायला कुणी नाही, म्हणून लिहून काढतोय.

रोशन गेटजवळ माझं रिवाइंडिंगचं दुकान आहे, जळालेल्या मोटारी-पंख्यांना नवी तार भरून द्यायचं. दोन स्टुलं. एकावर मी, दुसऱ्यावर माझे उस्ताद गफूरचाचा बसायचे. नजर अधू झाली, बारीक तार दिसेना, तसे ते खुलताबादला आपल्या खोलीवर निघून गेले. मी राहा म्हणालो, तर म्हणाले, "बैठ के खाने कू मैं मेहमान हूँ क्या रे?"

गिऱ्हाईकाशी बोलायचं काम त्यांचं होतं. मला ते जमत नाही. कुणी भाव केला की मी नुसता मोटारीकडं बघत राहतो. दुसरं स्टूल अजून तिथंच आहे.

०००

वकीलसाहेब सगळ्यांना एकच सांगतात, "खर्च खरा दाखवा, आणि बँकेतून द्या."

किराणावाल्या दिनकरशेठचा गाळा त्यांच्या आईच्या नावावर. साहेब म्हणाले, आईला रीतसर भाडं द्या, करारनामा करा, खर्चात धरता येईल. शेठ खूश. अकरा महिन्यांनी करार संपला आणि आईचा निरोप आला, "शेजारच्या गाळ्याला जास्त भाडं येतंय. वाढव, नायतर खाली कर."

शेठ बाकावर बसून विचारत होते, आईवर स्टे मिळतो का.

०००

टेलर वसंतमामांनी धाकट्या भावाला पगारावर घेतलं. आधी तो बिनपगारीच राबायचा, सणावाराला मशीनवर बसायचा. पगार खात्यात पडायला लागला तसा रविवारी येईना. मामा चिडले.

तो म्हणाला, "दादा, आधी मी तुझा भाऊ होतो. आता नोकर आहे. नोकराला सुट्टी असती."

०००

वैभव लग्नाचे फोटो काढतो, मूळचा गंगापूरचा. वजावट मिळते म्हणून त्यानं आईवडिलांचा मेडिक्लेम काढला. आता वडील उसातून फोन करतात. परवा बाकावर असतानाच आला, स्पीकरवर.

"आरं, मला साधा खोकला नाय. तुझा हप्ता वाया चाललाय की."

"बरंय ना मग, अप्पा."

"बरं कसलं? तुझी आईबी ठणठणीत हाय. काय करावं सांग."

बाक हसून हसून हलत होता. मीही हसलो. वैभव फोन ठेवताना म्हणाला, "रोजचं आहे हे." त्याचा वैताग बघून मला त्याचा हेवा वाटला.

०००

माझा नंबर आला की मी मागच्याला पुढं सोडतो. मला घाई नसते. चहा येतो, लोक घरच्यांच्या तक्रारी सांगतात. माझ्याकडं सांगण्यासारखी तक्रार नाही.

यंदा शेवटी साहेबांनीच हाक मारली. "गणेश, सगळे गेले. ये आता."

मशीनच्या लोनला रिटर्न लागतं म्हणून मी भरतो. साहेबांनी कागद चाळले. "घरी कोण?"

"कुणी नाही."

"दुकानात?"

"मीच."

"प्लॅनिंग करायला माणसं लागतात रे. आणि तुझं उत्पन्न तर मर्यादेच्या खालीच आहे. टॅक्स शून्य. त्यात वाचवायचं काय?"

मी उठलो नाही. विचारलं, "पगारावर माणूस ठेवला तर?"

"गरज काय? एकट्याचं काम आहे तुझं."

"दुसरं स्टूल आहे," मी म्हणालो.

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. मग माझी फाइल मिटून म्हणाले, "ठेव. पण पगार बँकेतून दे."

०००

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलंच नाही. खुलताबादची पहिली एसटी धरली. चाचा दारात बसून चहा बशीत ओतत होते. त्यांनी माझं पाऊल ओळखलं.

"गण्या? दुकान बंद रख के आया?"

घाटभर पाठ केलेलं मी एका दमात बोललो. "चाचा, मला टॅक्स लई बसलाय. वकीलसाहेब म्हणतात, पगारावर माणूस दाखवायलाच पाहिजे. खरोखर येऊन बसणारा, गिऱ्हाईकाशी बोलणारा. नायतर मी बुडालो."

चाचांनी बशी खाली ठेवली. "कित्ता बैठा?"

"लई."

"इत्ता कमारा क्या रे तू?"

मी त्यांच्या छताच्या पंख्याकडं बघत राहिलो. तो कुरकुरत होता.

चाचांनी बशी उचलून उरलेला चहा संपवला. मग म्हणाले, "पगार कित्ता देता?"

मी सांगितला.

"कमती है," चाचा म्हणाले, आणि पायानं चपला चाचपायला लागले.