जोंधळा की रोख

त्या दुष्काळात कवठे महांकाळकडची माणसं गावं सोडून आमच्या माधवनगरच्या माळावर उतरली होती. सरकारनं त्यांना रोख मदत द्यावी की जोंधळा, यावर चहाच्या हॉटेलात रोज भांडणं व्हायची. मी जोंधळ्याच्या बाजूचा. रोख दिली की ती गुत्त्यात जाते, असं मी ठणकावून सांगायचो.

त्या माणसांतलाच एक म्हातारा धनगर हॉटेलच्या दाराशी उभा राहून सगळं ऐकायचा. बसायचा कधीच नाही. लोकर कातायची चाती त्याच्या हातात सारखी गरगरत असायची. मेंढरं चाऱ्याविना मेली होती. उरलेली लोकर तेवढी घोंगड्याच्या टोकात बांधलेली. त्या गरगरीनं माझं बोलणं अडखळायचं.

एकदा चिडून मी त्यालाच विचारलं, "आयता जोंधळा मिळतोय, तर रोख कशाला पायजे, बाबा?"

"मालक, जोंधळा आमी फुकट कवा घेतलाच न्हाई. रानात मेंढरं बसवायची, रानाला खत द्यायचं, मग मालकानं जोंधळा घालायचा. रोख मिळाली तर चार मेंढ्या घीन. जोंधळा मग तुमीच घालशीला."

"अनोळखी माणसाच्या हातात रोकड द्यायची कुणी?"

चाती थांबली. "आवं, गेल्या साली आठ दिस तुमच्याच रानात बसलो हुतो की."

मी त्याचा चेहरा निरखला. ओळख पटेना. ते आठही दिवस मी रानात जात होतो. पण मान खाली घालून, लेंड्या कुठं कमी पडल्यात ते बघत.