गार्डमामांचं बिस्किटांचं घर

मर मर मरून बिस्किटं करायची आणि ती कुणालाही खाऊ द्यायची नाहीत, असा अख्ख्या दौंडात एकच माणूस होऊन गेला आणि तो नेमका आमच्या शेजारच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचा. आम्ही त्यांना गार्डमामा म्हणायचो. दिवाळी आली की सगळी वसाहत मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीच्या भट्टीवर रांग लावी, मामाही लावत. पण आमची बिस्किटं घरी येताच चहात बुडत आणि मामांची मात्र ड्यूटीच्या लोखंडी पेटीवर ओळीनं मांडली जात. मग अंड्यातलं पांढरं आणि पिठीसाखर फेसायची, कागदाच्या पुडीत भरायची, टोक कातरायचं आणि नक्षी उठवायची. ही विद्या त्यांना एका ख्रिश्चन ड्रायव्हरच्या बायकोनं शिकवली होती. नुसती फुलं काढणं मामांना कमीपणाचं वाटे. टोपलीची वीण, स्वेटरचे टाके, घराची कौलं, सगळं बोटाला लागलं पाहिजे! वाऱ्यानं तडे जातात म्हणून नक्षी वाळेपर्यंत पंखा बंद. मामी पदरानं वारा घेत नशिबाला बोल लावी. एकदा मी हात पुढं केला, तर मामांनी चक्क ड्यूटीची शिट्टी फुंकली. "आरं, ठिव खाली! टाका उसवंल!"

पंचाहत्तर साली त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं, सुमनचं, लग्न निमोण्याला ठरलं. रुखवतासाठी मामांनी रजा काढून आपली क्वार्टरच बिस्किटांत उभी केली. मामीला धास्ती एकच. व्याही माळकरी, अंडं घातलंय हे कळलं तर वऱ्हाड मांडवातून परत! "तोंड उघडाल तर बघा," तिनं बजावलं. मांडवात विहीणबाई रुखवतापुढं थबकल्या, कौलांवरून बोट फिरवलं. "आगं बया! कशाचं हाय वो ह्ये? कुणी केलं?" आयुष्यभर मामा याच प्रश्नाची वाट पाहत होते. त्यांनी एकदा लेकीकडं पाहिलं. "प्लॅस्टरचं हाय. पुण्यातनं इकत आणलंय." मला त्यांच्याकडं बघवेना.

घर निमोण्याला काचेच्या कपाटात जाऊन बसलं. श्रावणात सुमन माहेरी आली, तेव्हा मी तिथंच होतो. मामांनी आधी घराचीच चौकशी केली.

"मुंग्या लागल्या, आबा. सासूबाई म्हणत्यात, प्लॅस्टरला मुंग्या कशा?"

"आधी काय खाल्लं? कौलं का भिती?"

"कौलं."

मामांनी समाधानानं मान हलवली. "आन् दार?"

"दार म्या खाल्लं. तुमची लई आठवण आली तवा."

मी सवयीनं शिट्टीची वाट पाहिली. दिवाळी लांब असली तरी पेटीवर त्या दिवशीही ओली नक्षी मांडलेली होती. मामांनी डोळे पुसले आणि मामीला म्हणाले, "पंखा लाव. पोरीला उकडतंय."