सातव्या उद्दिष्टाच्या पोटातली विहीर

भिवंडीत पाण्याचा मान राखणारा एकच माणूस उरला होता आणि तो आमच्या शाळेत भूगोल शिकवत होता. निदान त्या माणसाचं तसं ठाम मत होतं. मी त्याच शाळेत मराठी शिकवायचो. मधल्या सुट्टीत तोंड धुताना नळ जरा मोठा सोडला की मागून आवाज यायचा, "सर, तोंड एकच हाय ना?"

भूगोलाचे सर भिवंडीजवळच्या वळ गावचे, शेतकऱ्याच्या घरातले. गावची भातशेती एकेक करून गोदामांच्या पत्र्याखाली गेली, तरी सर बोलायला लागले की अजून बांधावर उभे आहेत असं वाटे. परिसंवादांचा त्यांना भारी सोस. फलकावर 'जल' ही दोन अक्षरं दिसली की सर रजा टाकून हजर. एकदा मलाही ओढून नेलं. व्यासपीठावरचे पाहुणे पाणी वाचवण्यावर तासभर बोलले आणि प्रत्येकाने दोन घोट घेऊन आपापली बाटली तशीच सोडली. आभारप्रदर्शन चालू असतानाच सर वर चढले. अध्यक्षांना वाटलं, हार घालायला कोणी आलं. त्यांनी मान पुढे केली. सरांनी त्यांच्या समोरची बाटली उचलली, मग शेजारची, मग सगळ्याच, आणि बाहेर येऊन सभागृहाच्या दारातल्या सुकलेल्या कुंडीत रिकाम्या केल्या. "चला," ते म्हणाले, "परिसंवादाचा काईतरी उपेग झाला."

त्या काळात जगाने आपल्या विकासाची आठ उद्दिष्टं ठरवली होती आणि त्यांचा एक रंगीत तक्ता कुठल्याशा प्रशिक्षणातून आमच्या शाळेपर्यंत पोचला होता. त्यात पाणी सातव्या उद्दिष्टाच्या पोटात, एका पोटकलमात होतं. सरांना हा अपमान सहन होईना. "लग्नपत्रिकेत सख्ख्या मामाचं नाव खाली बारीक अक्षरात छापावं, तसं झालंय हे!" शेवटी त्यांनी लाल पेनाने आठही उद्दिष्टांपुढे 'पाणी' लिहून टाकलं. पोरगी हंडा घेऊन गेली तर शाळेत कशी येईल? बाळंतिणीला, तापाच्या रोग्याला, उपाशी माणसाला आधी काय लागतं? मुख्याध्यापक म्हणाले, "सर, तक्ता सरकारी आहे." सर म्हणाले, "पानी सरकारी न्हाय."

आम्ही हसायचो. पण सरांच्या घरीही एक पोटकलम होतं, ते आम्हाला उशिरा कळलं. भावांनी उरलेली जमीन गोदामवाल्या शेठला द्यायचं ठरवलं आणि त्या जमिनीत घरची विहीर होती. सरांच्या समाजात नवरीच्या हळदीचं पाणी घरच्या विहिरीवरून, वाजतगाजत आणतात. सरांनी सही करताना एकच अट घातली: लेकीचं लग्न होईस्तोवर विहीर बुजवायची नाही. शेठ कबूल झाला. गोदाम विहिरीच्या चहूबाजूंनी उभं राहिलं, आणि खोक्यांच्या थप्प्यांमध्ये विहीर लोखंडी जाळीखाली राहिली.

त्यानंतर सरांना एकही मुलगा पसंत पडेना. एकाच्या टाकीला झाकण नव्हतं. एक फवाऱ्याखाली अंघोळ करायचा. एकाची पत्रिका, नोकरी, घर सगळं जुळलं, तर सर म्हणाले, "त्यांच्या गावचं पानी मचूळ हाय." शिक्षकांच्या खोलीत या नकारांवर आमच्या दोन-दोन सुट्ट्या मजेत जायच्या. लेक हसायची नाही. ती दवाखान्यात नर्स होती आणि गणेशपुरीच्या एका मुलाने तिला मागणी घातली होती. एकदा मी त्यांच्या घरी बसलो असताना चहाचा कप ठेवता ठेवता ती म्हणाली, "बाबा, विहिरीपायी किती दिस? मना लगीन कराचा हाय."

सरांनी कपातला चहा संपवला. मग म्हणाले, "बरं."

हळदीच्या दिवशी बेंजोच्या तालावर बायका गोदामात शिरल्या. कलश भरून निघाल्या तर दारात रखवालदार आडवा. "माल बाहर जा रहा है, गेटपास लगेगा."

"अरं भैया," सरांची वहिनी कडाडली, "यो माल आमच्या सासऱ्याचा हाय!"

बेंजो थांबला. नवरी घरी पाटावर बसून होती. सरांनी खिशातलं पेन काढलं आणि पास स्वतः भरला. वस्तू: पाणी. नग: पाच कलश. खाली छापलं होतं: 'परत येणार / परत येणार नाही'. तिथे पेन थोडं थांबलं. मग त्यांनी पहिले दोन शब्द खोडले आणि कागद रखवालदाराच्या हातात दिला.

लग्नाचा मांडव उतरला त्याच आठवड्यात विहीर बुजली.  सर दर रविवारी एसटीने गणेशपुरीला जायला लागले. लेकीच्या सासरी भाताच्या खाचराला लागून विहीर आहे. विहिणबाई एकदा भिवंडीत भेटल्या तेव्हा मला हसत म्हणाल्या, "आमच्याकडं व्याही येतात, पन सुनेला भेटायला न्हाय, पान्याला."

मलाही तसंच वाटायचं. एका रविवारी त्यांच्याबरोबर गेलो. लेक पाणी काढत होती, तिला दिवस गेले होते, दोर धरताना जरा दमत होती. सरांनी तिच्या हातातून दोर घेतला, कळशी भरून दिली आणि काठावर बसले, विहिरीकडे पाठ करून.

"बरी हायस ना?" त्यांनी विचारलं.

ती हो म्हणाली, तरी ते तिच्याकडे पाहतच राहिले.