दुसरी डिस्क

आमच्या लाडक्या भयपटाची नवी, लख्ख आवृत्ती काल दुपारी पडदे ओढून पाहिली. जुन्या व्हीसीडीवर हडळ म्हणजे नुसते थरथरते चौकोन. आता तिच्या पदराची सेफ्टी पिनसुद्धा दिसते! पण व्हीसीडीची पहिली डिस्क नेमकी विहिरीतून हात वर येताना संपायची. लग्न नवं होतं, आणि एकट्यानं उठायची दोघांचीही छाती नव्हती. मग हातात हात घालून आम्ही दुसरी डिस्क लावायला जायचो. चित्र साफ करणाऱ्यांना काय ठाऊक, की आमचा अर्धा सिनेमा त्या चार पावलांत होता!

काल हात वर आला आणि सिनेमा न थांबता पुढे निघाला. मी हिरमुसलो. तेवढ्यात बायकोनं रिमोट दाबून चित्र थांबवलं आणि हात पुढे केला.

“अहो, उठा की! डिस्क कोण बदलणार?”